मेणबत्ती आणि फिरते टेबल

१८१२ साली लंडनमध्ये पुस्तकबांधणी शिकणारा मायकेल फॅरडे हा तरुण रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकावयास गेला. ऐकलेले त्याने सविस्तर लिहून काढले, स्वहस्ते बांधले आणि ती वही डेव्हीकडे धाडली. पुढल्याच वर्षी त्यास तेथे साहाय्यकाची जागा मिळाली. एका अर्थी विज्ञानात त्याचा प्रवेश झाला तो वृत्तान्तलेखक म्हणूनच!

पुढे त्याच संस्थेत शुक्रवारची सायंव्याख्याने आणि मुलांसाठी नाताळातील व्याख्याने सुरू झाली. नाताळातील १९ माला एकट्या फॅरडेने गुंफल्या. शुक्रवारच्या व्याख्यानांचे वृत्तान्त साप्ताहिकांत छापून येत. शास्त्रीय निबंधात ‘असे केले असता असे आढळले’ ही भाषा चालते. करणारा कोण, ते शोधावे लागते. (फायलींत वावरणाऱ्या आम्हां मंडळींस ही भाषा नवी नाही.) फॅरडे व्यासपीठावर ती बाजूस ठेवी. बातमीदाराप्रमाणे तो आधी घडलेली गोष्ट समोर मांडी, मग तिच्या कारणांकडे वळे. मात्र बातमी जेथे संपते तेथून त्याचे खरे काम सुरू होई.

ही रीत कितपत रुजली, याची परीक्षा १८५३ मध्ये झाली. त्या वर्षी लंडनच्या दिवाणखान्यांत टेबले फिरविण्याचे वेड पसरले. माणसे भोवती हात टेकून बसत आणि टेबल फिरू लागे. कोणी ते विजेचे कार्य म्हणत, कोणी प्रेतात्म्यांचे. फॅरडेने हात आणि टेबल यांमध्ये मऊ लेपाने चिकटविलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. वरचे पुठ्ठे खालच्यांहून पुढे सरकलेले आढळले. अर्थात हातच नकळत टेबलास ढकलीत होते. हा निष्कर्ष त्याने थेट ‘टाइम्स’ला पत्र लिहून जाहीर केला. वेड ओसरले नाही. सुशिक्षितांची ही अवस्था पाहून तो खिन्न झाला, आणि १८५४ मध्ये निर्णयशक्तीच्या शिक्षणावर त्याने स्वतंत्र व्याख्यान दिले. मनास रुचते ते आधी खरे मानण्याची खोड हाच त्याचा विषय होता. त्याच्या इतर व्याख्यानांच्या मानाने हे कमी वाचले जाते, याचे आम्हांस वाईट वाटते.

त्याने आपली रीत मात्र टाकली नाही. १८६०-६१ च्या नाताळात तो सहा व्याख्याने एका मेणबत्तीवर बोलला. ज्योतीच्या काळ्या गाभ्यात काचेच्या नळीचे एक टोक धरून आतील वाफ त्याने दुसऱ्या टोकास पेटवून दाखविली. तेथे जळण्याजोगे काही आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. लघुलेखकाने टिपलेली ही व्याख्याने विल्यम क्रुक्स याने आपल्या ‘केमिकल न्यूज’ साप्ताहिकात छापली आणि १८६१ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. क्रुक्स स्वतः नामांकित रसायनशास्त्रज्ञ. थॅलियम हे मूलद्रव्य त्याने त्याच वर्षी शोधले. पुढे १८७० नंतरच्या दशकात प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांच्या अंधाऱ्या बैठकींस तो जाऊन बसू लागला, आणि तेथे पाहिलेले चमत्कार खरे असल्याची ग्वाही त्याने छापून प्रसिद्ध केली.