मोटारीच्या दिव्याची धुरकट ‘काच’

नवीन पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर लागते. तिथल्या इमारतींच्या कडेला उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारींचे पुढचे दिवे जरा निरखून पाहा. काही वर्षे उन्हात काढलेल्या गाड्यांचे दिवे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, “काच पिवळी पडली.” मालक ती फडक्याने पुसतो, साबणाने धुतो, वाळली की पुन्हा तशीच. कारण ती काच नाही आणि तिच्यावर बसलेला तो मळही नाही.

दिव्यावर काच असायची, ही आपली जुनी सवय आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तिन्हीसांजेला राखेने काच पुसून कंदील लावणे हे बहुधा मुलांचे काम असे. काजळी काचेवर बसते, काचेत शिरत नाही. म्हणून पुसली की काच पूर्वीसारखी होते.

मोटारींनीही बराच काळ काचच वापरली. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून सात इंच व्यासाचा गोल ‘सील्ड बीम’ दिवा सर्व मोटारींना आला. त्यात काच, परावर्तक आणि तार ही एकच हवाबंद वस्तू होती. तार तुटली की अख्खा दिवा फेकायचा. हा अपव्यय खराच, पण त्यामुळे दर वेळी नवी काचही मिळे. दिव्याचे आवरण म्हातारे होण्याचा प्रश्नच येत नसे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवणाऱ्या, वाऱ्याला कमी विरोध करणाऱ्या गाड्या हव्या झाल्या. गोल सपाट काच त्या उताराच्या नाकावर बसेना. फोर्ड कंपनीने नियम बदलण्याची मागणी केली, १९८३ मध्ये ती मान्य झाली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीवर बदलता येणाऱ्या बल्बचा, प्लॅस्टिकच्या आवरणाचा दिवा आला. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी गोल काचेच्या दिव्यांनिशीच वावरली. मुंबईत टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत दिसत होती. १९९१ नंतर परदेशी बनावटीच्या मोटारी येऊ लागल्या आणि प्लॅस्टिकचे दिवे हळूहळू रूढ झाले.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. त्याच्या जातीचा पदार्थ म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १८९८ मध्येच बनवला होता. पुढे दाताच्या वैद्यांचे नोव्होकेन शोधणारे हेच आइनहॉर्न. पण त्या पदार्थाचे काय करायचे, हे कोणाला सुचले नाही. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी आणि काही दिवसांच्याच अंतराने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनिएल फॉक्स यांनी आजचे पॉलिकार्बोनेट स्वतंत्रपणे तयार केले. फॉक्स खरे तर तारांवर देण्यासाठी विद्युतरोधक लेप शोधत होते. हाती आला तो काचेच्या निम्म्या वजनाचा, पारदर्शक आणि हातोड्याला दाद न देणारा पदार्थ.

त्याचे वैर मात्र उन्हाशी. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याच्या रेणूंतले बंध तोडतात, हवेतला ऑक्सिजन तिथे जोडला जातो आणि निळा प्रकाश शोषणारे गट तयार होतात, म्हणून पिवळेपणा. हे टाळायला कारखान्यात दिव्यावर सुमारे १० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरण अडवणारा कठीण लेप देतात. पण पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस असा वर्षातून दोनदा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. ऊन, पाऊस आणि धूळ यांनी लेप झिजतो, तडकतो. वर तोंड केलेला भाग बहुधा आधी जातो.

धुरकटपणाचे कारण निराळे. तडे आणि ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असले की प्रकाशाचे विकिरण होते. रस्त्यावर पडायचा प्रकाश इकडेतिकडे फाकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अमेरिकेतल्या मोटारमालकांच्या ‘ट्रिपल ए’ या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत खराब झालेल्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या जेमतेम एक पंचमांश भरला. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. रात्री वाटेतला माणूस वेळेवर दिसणे यावर अवलंबून आहे.

घासल्याने पारदर्शकता का येते, याचे उत्तर न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात दिले आहे. पॉलिश करणे म्हणजे ओरखडे नाहीसे करणे नव्हे, ते दिसू नयेत इतके बारीक करणे, असा त्याचा आशय. घरी करायचे तेही हेच. खराब झालेला थर मिलिमीटरच्या काही शतांशांपुरताच असतो, म्हणून हे जमते. आजूबाजूच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. मग पाणी वापरून १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासावे. त्यावरचे कण साधारण १८ मायक्रॉनचे असतात. पुढे १५००, मग २००० नंबर; त्याचे कण १० मायक्रॉनचे. प्रत्येक वेळी आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरावर जाऊ नये. घाई केली की काम इथेच बिघडते. शेवटी रबिंग पॉलिश.

टूथपेस्टनेही दिवा उजळतो, कारण तिच्यात बारीक घर्षक भुकटी असते. पण इथेच थांबणारे काही महिन्यांत निराश होतात. घासताना उरलासुरला मूळ लेपही निघून गेलेला असतो आणि उघडे पॉलिकार्बोनेट आधीपेक्षा लवकर पिवळे पडते. अतिनील किरण रोखणारे क्लिअर लॅकर वरून दिलेच पाहिजे. पेट्रोल, थिनर किंवा डास पळवणारे मलम चोळण्याचे उपाय मला तरी वेडेपणाचे वाटतात. अशा द्रावकांनी पृष्ठभाग मऊ होऊन क्षणभर चकाकतो, पण प्लॅस्टिकला आतून तडे जाण्याचा धोका असतो.

वर्गात मोटार आणायची गरज नाही. शाळेच्या कपाटात टाकाऊ सीडी सापडतील. सीडीची चकचकीत बाजू पॉलिकार्बोनेटचीच असते. ती १००० नंबरच्या कागदाने घासून धुरकट करा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंबाखाली आरसा पुन्हा दिसू लागेल. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, पॉलिकार्बोनेटचा १.५८. पाणी ओरखड्यांत भरले की हा फरक कमी होतो आणि विकिरणही घटते. पावसात भिजलेला दिवा नवा वाटतो तो याचमुळे. मग उरलेल्या भागावर क्रमाने कागद आणि टूथपेस्ट चालवून, पाण्याशिवाय तितकी स्वच्छता कोणाच्या हाताला साधते ते मुलांना पाहू द्या.