बाहुल्याचा सांधा

मनुष्याच्या आकाराचा बाहुला घडविण्याची कला फार प्राचीन आहे. परंतु त्या बाहुल्याचा हात वर करतां यावा, आणि वर केलेला हात तसाच राहावा, ही विद्या निराळी होय. आपल्याकडील कळसूत्री बाहुली सूत्रधाराच्या बोटांवर नाचते. दोरी सैल सुटतांच ती कोसळते. ज्यास पुढें ‘अॅक्शन फिगर’ हें नांव मिळालें, त्या खेळण्यांतील वीराला अशी दोरी नसते. मुलानें दिलेली ढब त्यास आपल्याच सांध्यांवर सांभाळावी लागते. म्हणून त्याचा इतिहास हा मुख्यत्वें सांध्यांचा, आणि सांधे ज्या पदार्थाचे करावयाचे त्या पदार्थांचा इतिहास आहे.

इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत ग्रीसमधील कॉरिंथ येथें भाजलेल्या मातीच्या बाहुल्या होत असत. त्यांचे हातपाय निराळे करून धडाला जोडलेले असत. माती ठिसूळ, त्यामुळें तिच्यांत नाजूक सांध्यास वाव थोडा. रोममध्यें १८८९ सालीं न्यायमंदिराच्या इमारतीसाठीं खणतांना क्रेपेरिया ट्रायफेना नांवाच्या तरुणीची दगडी शवपेटी सांपडली. ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील आहे. तींत एक हस्तिदंती बाहुली होती. तिला खांदे, कोपर, मांड्या आणि गुडघे अशा सर्व ठिकाणीं सांधे आहेत. हस्तिदंत टणक आणि चिवट. त्यांत बारीक खांच कापून खुंटी बसवितां येते. पदार्थ बदलला आणि बाहुलीस गुडघा मिळाला!

यानंतर शतकानुशतकें चित्रकारांच्या घरीं सांध्यांचे लांकडी पुतळे वापरले जात. माणूस पुढ्यांत बसविल्यावांचून शरीराची ठेवण अभ्यासण्यास ते उपयोगी पडत. असाच एक पुतळा आधुनिक वीराचा पूर्वज ठरला, असें सांगतात. अमेरिकेंत १९६३ सालीं स्टॅन वेस्टन यांनीं सैनिकाच्या बाहुल्याची कल्पना हॅसब्रो कंपनीकडे नेली, आणि डॉन लेव्हीन यांनीं ती उचलून धरली. १९६४ सालीं ‘जी. आय. जो’ बाजारांत आला. उंची सुमारें १२ इंच, आणि हालणारे भाग २१! देह प्लॅस्टिकचा, सांध्यांत धातूचे रिव्हेट, आणि आंतून ताणलेला लवचिक बंध. मुलगे बाहुल्यांशीं खेळणार नाहींत, या भीतीनें त्यास नवें नांव मात्र द्यावें लागलें.

दोनच वर्षांनीं, १९६६ सालीं, आयडियल कंपनीनें ‘कॅप्टन अॅक्शन’ काढला. एकाच देहावर पोषाख आणि मुखवटा चढवून तो सुपरमॅन, बॅटमॅन किंवा आपल्याकडे वेताळ या नांवानें परिचित असलेला फँटम होई. १९७२ पासून मेगो कंपनीचे ८ इंची वीर कापडी पोषाखांत घरोघर पोंचले. पण त्यांच्या पहिल्या देहांतील लवचिक बंध कालांतरानें सैल पडे, आणि विश्वाचा तारणहार पाय गाळून बसे.

१९७३ च्या तेलटंचाईनें प्लॅस्टिक महागलें. १९७८ सालीं केनर कंपनीनें ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाचीं पात्रें अवघ्या पावणेचार इंचांत आणलीं. मान, दोन खांदे आणि दोन मांड्या, एवढेच पांच सांधे. लहान बाहुला स्वस्त पडे आणि त्याला साजेशीं विमानेंही परवडत. बाजारानें सांध्यावर किंमतीची निवड केली. १९८२ सालीं हॅसब्रोनें त्याच उंचीचा नवा ‘जी. आय. जो’ काढून कोपर व गुडघे परत आणले. धड आणि पाय जोडण्याचें काम एका रबरी कड्यानें केलें, आणि पाठीस एक स्क्रू ठेवला.

कारखाना खपणारा वीरच काढतो. ज्यास दुसराच वीर हवा असतो, किंवा तोच वीर अधिक लवचिक हवा असतो, तो स्वतः घडवूं लागतो. तयार बाहुल्याचा सांधा गरम पाण्यांत मऊ करून उकलावयाचा, दोन द्रव्यें मिसळून घट्ट होणाऱ्या इपॉक्सीच्या लगद्यानें स्नायू व पोषाख वाढवावयाचे, सिलिकॉनच्या साच्यांत राळेचे भाग ओतावयाचे, ही त्याची रीत. राळ सुबक उतरते, पण बारीक खुंटीच्या जागीं ती तडकते. म्हणून तेथें धातूची खुंटी घालावी लागते. रंगाचा थरही जागा अडवितो. सांधा आधीं घांसून मोकळा केला नाहीं, तर पहिल्याच हालचालीस रंग खरवडून निघतो. खांद्याला उखळीचा सांधा आणि गुडघ्याला बिजागरीचा, ही निवड त्यानें स्वतःच्या शरीराकडे पाहूनच करावयाची. चक हल यांनीं १९८४ सालीं ज्या यंत्राच्या पेटंटसाठीं अर्ज केला, त्या प्रकाशानें राळ घट्ट करणाऱ्या यंत्राच्या वंशजांवर आतां घरींही भाग निघतात. तरीही सांध्याचा घट्टपणा शेवटीं बोटांनींच पारखावा लागतो.

येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रोमच्या बाहुलीचे हस्तिदंती सांधे अठराशें वर्षांनंतरही पाहावयास मिळतात; उलट कांहीं दशकांपूर्वींचें रबरी कडें झिजून तुटतें, आणि मऊ प्लॅस्टिकमधील तेलकट द्रव्य बाहेर येऊन तें चिकट होतें. हस्तिदंताकडे परत जातां येत नाहीं, आणि हत्तींचा संहार पाहतां जाऊंही नये. मात्र १९८२ च्या त्या पाठीवरील स्क्रूकडून धडा घेतां येतो. तो काढला कीं बाहुला उघडतो, नवें कडें बसतें, आणि बापानें सांभाळलेला वीर मुलाच्या हातांत पुन्हां उभा राहतो. हातानें घडविणाऱ्यानें सांधा घट्ट करावा, पण कायमचा बंद करूं नये. जो उघडून दुरुस्त करतां येतो, तोच सांधा पुढच्या पिढीच्या उपयोगीं पडतो.