राइस, जेरी

(१३ ऑक्टोबर १९६२ – ). अमेरिकन फुटबॉलमधील विख्यात वाइड रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने दूरवर फेकलेला चेंडू झेलून प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारणारा खेळाडू. जन्म मिसिसिपी राज्यातील स्टार्कव्हिल येथे. गवंडीकाम करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली विटा झेलता झेलता ज्याच्या पंजांना बळकटी आली, त्या या तरुणाने मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठाच्या संघातून लौकिक मिळविला आणि १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने त्यास पहिल्याच फेरीत, सोळाव्या क्रमांकावर निवडले.

त्याचा वेग असामान्य नव्हता. तथापि सॅन कार्लोस येथील खड्या चढणीवर त्याने वर्षानुवर्षे केलेली खडतर धाव आणि पळण्याच्या मार्गातील रेखीव अचूकता यांमुळे अधिक वेगवान प्रतिस्पर्धीही निष्प्रभ ठरत. त्याच्या थोरवीचे मर्म, आमच्या मते, या परिश्रमांतच आहे. १९८७ च्या हंगामात अवघ्या १२ सामन्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. जानेवारी १९८९ मधील सुपर बोल सामन्यात सिनसिनाटी बेंगॉल्सविरुद्ध ११ झेलांत २१५ यार्डांची मजल मारून तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुढे आणखी दोन सुपर बोल विजयांत त्याचा वाटा होता. १९९७ मधील गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनंतरही तो मैदानात परतला, आणि नंतर ओकलंड रेडर्स व सिॲटल सीहॉक्स या संघांतूनही खेळला.

२००५ मध्ये तो निवृत्त झाला. १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड व एकूण २०८ टचडाउन हे त्याचे विक्रम होत. २०१० मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.