हॉटेलचा दरवाजा आणि कडेवरचे मूल

उपाहारगृहात लहान मुलांना येऊ द्यावे की नाही, हा वाद अलीकडे आपल्याकडेही ऐकू येऊ लागला आहे. एक पक्ष म्हणतो, आम्ही पैसे मोजून दोन घटका निवांत बसायला येतो, तेथे शेजारच्या टेबलावरच्या पोराने चमचे आपटावेत आणि आम्ही ते मुकाट्याने सोसावे हा कोठला न्याय? दुसरा पक्ष म्हणतो, मूल म्हणजे का कोणी चोर आहे, की त्याला दारावरच अडवावे? दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, आणि हा प्रश्न कालपरवा निघाला अशीच दोघांची समजूत दिसते. वस्तुतः त्याला शेदीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो चाळून पाहिला म्हणजे असे दिसते की, मूल ज्या ज्या वेळी दाराबाहेर राहिले त्या त्या वेळी त्याच्याबरोबर बाहेर राहिली ती बहुधा आई. हा विषय महिला मंडळाच्या स्मरणिकेत यावा असे वाटले ते एवढ्याचसाठी.

म्हणून प्रथम आईचीच गोष्ट सांगते. न्यूयॉर्क शहरात डेल्मॉनिको नावाचे नामांकित भोजनगृह होते. 1868 च्या एप्रिल महिन्यात तेथे चार्ल्स डिकन्स ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या सन्मानार्थ पत्रकारांनी मेजवानी दिली. जेन कनिंगहॅम क्रोली ही बाई त्या काळची नाव मिळवलेली पत्रकार. पण तिला व तिच्या मैत्रिणींना त्या मेजवानीत सरळ जागा मिळेना. ह्या अपमानातून त्या बायकांनी ‘सोरोसिस’ नावाचे आपले स्वतःचे मंडळ काढले, आणि 20 एप्रिल 1868 रोजी त्याच डेल्मॉनिकोत, एकही पुरुष बरोबर न घेता, दुपारचे जेवण घेतले. बायकांनी आपल्या आपण अशा ठिकाणी बसून जेवावे हे त्या शहराला नवलच होते. आजच्या महिला मंडळांच्या आज्या-पणज्यांत ह्या सोरोसिसची गणना करायला हरकत नाही!

तरीही पुढे चाळीस वर्षे मोठ्या हॉटेलांतून पुरुष सोबत नसलेल्या बाईला संध्याकाळनंतर जेवण नाकारण्याची रीत चालूच होती. 1907 मध्ये हॅरियट स्टँटन ब्लॅच ह्या मताधिकार चळवळीतील पुढारी बाईंना व त्यांच्या मैत्रिणीला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलाने असेच परत पाठविले. कारण काय, तर सभ्य स्त्रियांना असभ्य स्त्रियांपासून जपायचे! बाईंनी फिर्याद केली. निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. दुसऱ्याला बाहेर ठेवायचे आणि ते त्याच्याच भल्यासाठी आहे असे सांगायचे, ही युक्ती पुढेही भेटणार आहे, म्हणून ती येथे नोंदवून ठेवते.

मुलांची गोष्ट खरी सुरू होते ती इंग्लंडात. तेथील पब म्हणजे आपल्याकडील गुत्ता नव्हे. मजुरांच्या वस्तीत एका-दोन खोल्यांच्या ओलसर घरांतून माणसे राहत. त्यांना ऊब, उजेड आणि चार माणसांची संगत मिळण्याचे ठिकाण तेच. घरच्या जेवणाबरोबर बिअर लागे, आणि ती आणण्याचे काम मुलांकडे असे. हातात मगा किंवा जग घेऊन पोरे बापासाठी बिअर आणायला जात. वाटेत घोटभर आपणही घेत, अशी दारूबंदीवाल्यांची तक्रार होती. पबवाले ह्या छोट्या गिऱ्हाइकांना गोळ्या-मिठाई देऊन आपल्याकडे ओढीत, अशीही तक्रार होती. आपल्या कोपऱ्यावरचा वाणी सामान न्यायला आलेल्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, त्याच जातीची ही गोष्ट; मात्र जगात काय आहे हे पाहिले म्हणजे कौतुक ओसरते.

1886 मध्ये कायद्याने 13 वर्षांखालील मुलांना पबमध्ये बसून पिण्यासाठी दारू विकण्यास बंदी झाली. 1901 मध्ये दुसरा कायदा आला. त्यात 14 वर्षांखालील मुलाच्या हाती दारू द्यायचीच तर ती बूच लावून मोहोरबंद केलेल्या बाटलीतूनच द्यावी असे ठरले. नंतर आला 1908 चा मुलांविषयीचा मोठा कायदा. त्याची बरीचशी कलमे खरोखर उपकारक होती. पाच वर्षांखालील मुलाला, आजारपण किंवा डॉक्टरचा सल्ला असल्याखेरीज, दारू पाजणे हा त्याने गुन्हा ठरविला. आज हे वाचून हसू येते. पण रडणाऱ्या तान्ह्याला गप्प करण्यासाठी जिनचा थेंब देण्याची चाल होती म्हणूनच ते कलम लिहावे लागले. त्याच कायद्याने 14 वर्षांखालील मुलांना दारूच्या पबच्या मुख्य दालनात, म्हणजे बारमध्ये, येण्यास मनाई केली. 1 एप्रिल 1909 पासून ती अमलात आली. पबमालकाची स्वतःची मुले, तेथेच राहणारी मुले, आणि ज्या मुलाला जायला दुसरी सोयीची वाटच नाही असे मूल, एवढ्यांना सूट होती. रेल्वेची उपाहारगृहेही ह्या बंदीतून वगळली होती; प्रवासात मूल जाणार कोठे?

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती मूल कडेवर घेऊन पबमध्ये बसलेली बाई. मूल आत नको म्हटले की बाई घरी बसेल, असा त्यांचा कयास. बापाचा ह्या चर्चेत फारसा प्रश्न नव्हता, कारण मूल सांभाळण्याचे काम त्याचे नव्हतेच. मग झाले काय? काही बाया घरी बसल्या असतील. परंतु पुष्कळ मुले पबच्या बाहेर, पायरीवर आणि फरसबंदीवर दिसू लागली. थोरल्या बहिणीच्या मांडीवर धाकटे, धाकट्याच्या अंगावर आईची शाल, आणि आतून मधूनमधून उघडणाऱ्या दारातून येणारी उबेची झुळूक. पुढल्या पिढ्यांतही पबच्या पायरीवर लेमोनेडची बाटली आणि बटाट्याच्या तळलेल्या कापांची पुडी घेऊन आई-बापांची वाट पाहणे ही इंग्रज बालपणाची सर्वसाधारण आठवण होऊन बसली. आतल्या धुरापासून मूल वाचले हे खरे, पण थंडी-पावसाचे काय, हे कायद्याने विचारले नव्हते.

ही बंदी सैल व्हायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. 1990 मध्ये स्कॉटलंडसाठी, आणि 1994 मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी, असा कायदा झाला की ज्या पबला मुलांसाठी परवाना मिळेल तेथे मोठ्यांच्या सोबतीने मुलांना येता यावे. तेथे जेवण मिळत असावे, दारू नसलेली पेयेही असावीत. इंग्लंडात त्याची वेळ रात्री नऊपर्यंत ठेविली होती. 2003 च्या परवाना कायद्याने, जो 2005 मध्ये लागू झाला, हे सारे पुन्हा नव्याने बांधले. मला स्वतःला त्या नऊच्या ठोक्याची युक्ती पसंत आहे. संध्याकाळ मुलांची, रात्र मोठ्यांची. दारावर पाटी नाही आणि कोणाचा अपमान नाही.

अमेरिकेत गोष्ट उलट घडली, आणि घडवून आणली ती दारूबंदीनेच. 1920 मध्ये तेथे देशभर दारूबंदी झाली. मोठ्या हॉटेलांचा नफा मद्यावर चाले. तो बुडाल्यावर त्यांना नवी गिऱ्हाइके हवी झाली, आणि आजवर दुर्लक्षिलेले मूल एकाएकी लाडके झाले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया ह्या बड्या हॉटेलाने 1921 च्या सुमारास मुलांसाठी चित्रे काढलेले वेगळे पदार्थपत्रक छापले. मुलांनी काय खावे ह्याविषयी डॉक्टर एमेट होल्ट ह्यांचे 1894 सालचे पुस्तक तेव्हा आयांना वेदवाक्य होते, आणि ते फार कडक होते. त्यामुळे पत्रकातले पदार्थही उकडलेले, अळणी आणि आजाऱ्याच्या पथ्याला शोभणारे. मुलांनी ते आनंदाने खाल्ले असेल असे मला तरी वाटत नाही. जपानात हेच काम अधिक रसिकतेने झाले. 1930 मध्ये टोकियोच्या मित्सुकोशी ह्या मोठ्या दुकानाच्या भोजनगृहाने मुलांसाठी खास ताट काढले. त्यात भाताची मूद डोंगरासारखी रचून तिच्या शिखरावर इवलासा झेंडा रोवलेला असे. मंदीचे दिवस होते. मुलांचे तोंड हसरे व्हावे हाच त्यामागचा हेतू सांगतात. ते ताट आजही जपानात चालू आहे.

आता अगदी अलीकडचे. दक्षिण कोरियात 2011 मध्ये एका उपाहारगृहात धावणारे मूल गरम पाणी नेणाऱ्या नोकरावर आदळले आणि भाजले. 2013 मध्ये न्यायालयाने मालकाला भरपाई द्यायला लावली. त्यानंतर ‘नो किड्स झोन’ अशा पाट्या दुकानादुकानांतून दिसू लागल्या. मालकाची बाजू समजण्यासारखी आहे. उकळत्या सांबाराचे भांडे घेऊन वळणारा वाढपी आणि त्याच्या पायात घुटमळणारे मूल हे दृश्य आपणही पाहिले आहे, आणि आपला जीव गोळा झाला आहे. परंतु ह्या पाट्यांबरोबर कोरियन भाषेत एक शिवीही रुजली. तिचा शब्दशः अर्थ ‘आई-किडा’. मूल आवरत नाही त्या आईला उद्देशून ती आहे. बापाला उद्देशून तशी शिवी निघाली नाही. 2017 मध्ये जेजू बेटावरील एका उपाहारगृहाने 13 वर्षांखालील मुलांना बंदी केली असता तेथील राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हा भेदभाव आहे असे मत दिले. आयोगाची शिफारस बंधनकारक नव्हती, पाट्या राहिल्या. त्याच देशात 2023 मध्ये दर स्त्रीमागे जन्माचे प्रमाण 0.72 पर्यंत उतरले. त्याची कारणे पुष्कळ आहेत, पाट्यांवर सारे खापर फोडता येणार नाही. पण मुले हवीत असे म्हणणाऱ्या राज्यात आईने चहा तरी कोठे प्यावा, हे विचारायला हवे.

आपल्याकडे हा प्रश्न ह्या स्वरूपात उशिरा आला, कारण मुळात बाहेर खाणे हेच निषिद्ध होते. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य झाले हे आपण वाचले आहे. टिळक, रानडे यांच्यासारख्यांनाही त्या कपाचा जाब द्यावा लागला. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या काळचा घरातला ताण दिसतो. पुरुषांची ही कथा, तेथे बायकांनी मुले घेऊन हॉटेलात जाण्याची कल्पना कोण करणार?

ही कोंडी मुंबईत बरीचशी फोडली ती इराण्यांनी. धोबी तलावचे कयानी 1904 चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923 चे. संगमरवरी टेबले, काळ्या लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांतली बिस्किटे, आणि भिंतीवर हे करू नका, ते करू नका अशी सूचनांची लांबलचक यादी. त्या सूचनांवर निसीम इझिकेल ह्यांनी इंग्रजीत कविताच केली. अनेक इराण्यांत ‘फॅमिली रूम’ असे. कोठे पोटमाळ्यावर, कोठे लाकडी पार्टिशनाच्या आड. हा ‘फॅमिली’ शब्द मोठा गमतीचा आहे. आपल्या हॉटेलांच्या भाषेत त्याचा अर्थ कुटुंब असा नाही, बाई असा आहे. चार पुरुष सख्खे भाऊ असले तरी ती फॅमिली नव्हे. एक बाई आली की झाली फॅमिली. आणि बाईबरोबर मूल असेल तर कोणाची भुवई उंचावायची नाही. इंग्लंडात मुलामुळे आईला बाहेर थांबावे लागले, आपल्याकडे मुलाच्या आडाने आई आत शिरली. कडेवरचे मूल हा तिचा परवानाच होता. आज ‘दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी वाचताना हे ध्यानात ठेवावे.

अशी पाटी लावता येते का? भारताच्या राज्यघटनेचे पंधरावे कलम 1950 पासून सांगते की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत येण्यास अडवता येणार नाही. ज्या देशात माणसाला जातीमुळे वेगळ्या कपातून चहा मिळे त्या देशात ह्या ओळीचे मोल फार मोठे. वयाचा मात्र तीत उल्लेख नाही. म्हणजे ह्या कलमाचा आधार मुलाला मिळत नाही, आणि दारू देणाऱ्या ठिकाणी वयाची अट असणे रास्तच आहे. पण इडली-डोसा देणाऱ्या हॉटेलने मुलांना मज्जाव करावा, हे मला पटत नाही. धावू देऊ नका, टेबलावर चढू देऊ नका, ऐकत नसेल तर उठा, असे खुशाल सांगावे, आणि आपणही ते ऐकावे. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ आपल्या मुलाचे कौतुक करायला आलेला नसतो. वर्तनाची अट घालावी, वयाची नको.

ह्या साऱ्या वादात एका मुलाचे नाव कोणी घेत नाही. हॉटेलात मूल नको, असे आता म्हणणाऱ्या आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हॉटेलात मूल पाहिले आहे. ओले फडके घेऊन टेबल पुसणारे, पाच बोटे पाच पेल्यांत बुडवून पाणी आणणारे. ‘ए पोऱ्या’ ह्या हाकेला ते धावे. त्याचे वय आठ की दहा हे कोणी विचारले नाही, त्याच्या आवाजाचा कोणाला त्रास झाला नाही. 1986 मध्ये बालकामगारांविषयी कायदा झाला, तरी हॉटेले त्याच्या बंदीच्या यादीत नव्हती. 14 वर्षांखालील मुलांना हॉटेल, ढाबा व घरकामात ठेवण्यास बंदी झाली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून. 2016 मध्ये ती बंदी सर्वच धंद्यांना लागू झाली.

त्या दुरुस्तीत एक सूट आहे. शाळा सुटल्यावर वा सुट्टीत, धोक्याचे नसलेल्या घरच्या व्यवसायात मूल हात लावू शकते. गिरणगावात एका खोलीत गिरणी कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या बाया मला येथे आठवतात. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना सावकाराच्या हातून सोडविण्याचे व बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम आरंभिले. ज्या खोलीत संसार त्याच खोलीत पंगत, तेव्हा त्यांची मुले त्या पंगतींतच वाढली. ती ताटे मांडीत, पाणी वाढीत, आणि कोपऱ्यात पाटी-पुस्तक घेऊन बसत. अशा मुलांसाठी ती सूट ठीक आहे. परंतु तिच्या आडाने पुष्कळ ठिकाणी पोऱ्याच पुन्हा ‘घरचा मुलगा’ म्हणून उभा केला जातो, अशी बालहक्कांसाठी झटणाऱ्यांची तक्रार आहे, आणि ती अजून मिटलेली नाही.