बोटांनी दिलेला इशारा

उर्दूत शरीररचनाशास्त्राला 'इल्मे तशरीह' म्हणतात. तशरीह म्हणजे उलगडून सांगणे. आम्ही वर्गात शेराचा अर्थ सांगतो, तीही तशरीहच. पण देहाची तशरीह करायची तर आधी देह टिकायला हवा.

युरोपात पूर्वी अवयव मद्यार्कात ठेवत. पुढे रक्तवाहिन्यांतून आर्सेनिकची द्रावणे सोडू लागले. देह टिकत, पण ते हाताळणाऱ्यांनाही विषाचा धोका असे.

1893 साली फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइडचा जंतुनाशक गुण तपासत होते. त्या द्रावणाने त्यांच्याच बोटांची कातडी कडक झाली. त्यावरून त्यांनी ओळखले, की याने मृत शरीराचे भागही घट्ट होऊन टिकतील. तसेच झाले. हे रसायन प्रथिनांचे रेणू एकमेकांना जखडते, म्हणून कुजणे थांबते. त्याचे पाण्यातले द्रावण म्हणजे फॉर्मेलिन. स्वस्त आणि खात्रीचे, म्हणून ते जगभर पोहोचले.

पण ब्लूम यांच्या बोटांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: हे रसायन जिवंत आणि मृत असा भेद करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते असे ठरवले, ते 2004 मध्ये. मध्ये 111 वर्षे गेली.

माझे काही माजी विद्यार्थी आता डॉक्टर होत आहेत. पहिल्या वर्षी त्यांची तक्रार एकच असते, डोळे चुरचुरतात. काही वेळाने वास जाणवेनासा होतो आणि सवय झाली असे वाटते. पण वास जाणवला नाही, म्हणून हवेतली वाफ कमी झालेली नसते.

पर्याय निघाले आहेत. 1977 मध्ये जर्मनीत गुंथर फॉन हागेन्स यांनी प्लास्टिनेशन शोधले. त्यात शरीरातले पाणी व चरबी काढून तिथे प्लास्टिक भरतात. 1992 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील यांनी फॉर्मेलिन अगदी कमी वापरून देह मऊ ठेवणारी पद्धत मांडली. दोन्ही खर्चिक, म्हणून फॉर्मेलिन गेलेले नाही. निदान टेबलापाशीच वाफ खेचून घेणारी यंत्रणा, झाकलेल्या टाक्या, योग्य हातमोजे आणि चष्मा एवढे तरी हवेच.

विद्यार्थी त्या खोलीत एक वर्ष काढतो. टाक्या भरणारा, देह उचलून टेबलावर ठेवणारा कर्मचारी मात्र उभी नोकरी तिथेच काढतो. सुरक्षेचा हिशेब त्याच्यापासून सुरू व्हायला हवा.