हरवलेल्या नोंदी, खोडदची दुर्बीण आणि व्यत्ययाचा इतिहास

समजा, ओझरमधल्या एका घरात तुम्ही तापमान आणि आर्द्रतेचे चार वायरलेस सेन्सर लावलेत. दर ५ मिनिटांनी प्रत्येकाची एक नोंद यायला हवी. महिनाअखेरीस फाइल उघडता, तर कितीतरी नोंदी गायब! बहुतेक जण आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी भरतात आणि पुढे जातात. पण त्या नोंदी संध्याकाळीच गेल्या असतील तर? घरातले सगळे वायफायवर व्हिडिओ बघतायत, त्याच वेळी चुलीवर भात रटरटतोय, आर्द्रता वाढतेय. म्हणजे जे मोजायचं होतं तेच तुम्ही सरासरीनं पुसलंत.

सिग्नलमधल्या व्यत्ययाचा इतिहास वाचायचा तो यासाठी. आणि तो सांगायला जुन्नर तालुक्याइतकी सोयीची जागा नाही. विघ्नहराच्या ओझरहून नारायणगावला या, पुढे खोडद. तिथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ साधारण एका चौरस किलोमीटरात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्याचं एक मोठं कारण इथली रेडिओ-शांतता. भोवतीचे डोंगर शहरांच्या लहरी अडवतात. (विघ्न हरणाऱ्या देवाच्या शेजारीच हे व्हावं, हा योगायोगच.)

या शास्त्राचा जन्मच मुळी व्यत्ययाच्या तक्रारीतून झाला. अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते हे शोधायचं काम बेल प्रयोगशाळेनं कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला दिलं होतं. त्यानं २०.५ मेगाहर्ट्झवर फिरती अँटेना लावली आणि महिनोन्‌महिने नोंदी ठेवल्या. जवळच्या वादळांची खरखर, लांबच्या वादळांची खरखर, आणि तिसरी एक अखंड सूं. ही तिसरी रोज सुमारे ४ मिनिटं आधी शिगेला पोचायची. घड्याळाचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे उगम आकाशात होता. १९३३ साली त्यानं तसं जाहीर केलं. ‘वेळ’ हा रकाना त्यानं नीट भरला नसता तर ते ४ मिनिटांचं सरकणं कुणाला दिसलं असतं?

व्यत्ययाची दुसरी जात म्हणजे आपापसातली टक्कर. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटानं बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. नियम साधा: निरोप तयार झाला की पाठवायचा, पोच आली नाही तर थोड्या वेळानं पुन्हा. हिशोब केल्यावर कळलं की अशा वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच वेळ कामी येतो. तुमचे ४३३ मेगाहर्ट्झचे स्वस्त सेन्सर त्याहून अडाणी. त्यांना ऐकायला कानच नाहीत, मग पोच कसली?

इथे एक गंमत आहे. अब्रामसन यांच्या हिशोबात निरोप कधीही, अवचित येतात. तुमचे ठरल्या वेळी येतात. दोन सेन्सरांच्या घड्याळांत दहा लाखात २० भागांचा फरक धरा. ५ मिनिटांत तो ६ मिलिसेकंद होतो. निरोप १०० मिलिसेकंदांचा असेल, तर एकदा टक्कर सुरू झाली की ती ३३ फेऱ्या, म्हणजे पावणेतीन तास सुटत नाही. फाइलमधली ती लांबलचक पोकळी बॅटरीमुळे नसेलही.

ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीला १९९८पासून अधूनमधून विचित्र स्पंदनं दिसत. ती कामाच्या दिवशी आणि दुपारच्या जेवणाच्या सुमारास जास्त यायची, इथेच शंका यायला हवी! पुढे तिथे व्यत्यय मोजणारा वेगळा ग्राहक बसवला आणि त्याच क्षणांना २.४ गिगाहर्ट्झवर लहरी सापडल्या. २०१५ साली उलगडा झाला: कुणीतरी मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आधीच दार उघडत होतं. तुम्हीही प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक द्या, हरवलेल्याची वेळ लिहा, आणि शेजारच्या रकान्यात ओव्हन, मोटर, वायफाय कधी चालू होतं ते.

खोडदची जुनी डोकेदुखी म्हणजे विजेच्या तारांवरच्या ठिणग्या. दुर्बिणीच्या नव्या रूपात त्या तिथल्या तिथे गाळल्या जातात, आणि त्यासाठी मध्यकापासूनचं विचलन वापरतात. प्रमाण विचलन का नाही? कारण मोठी ठिणगी ते स्वतःच फुगवते आणि त्याच्या आडोशाला लपते. तुमच्या फाइलमधल्या उड्या शोधतानाही हेच करा.

आता बाजू उलटी करून पाहा. जीएमआरटीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, तुमचा ४३३चा सेन्सर बरोबर त्याच्या आत. १० मिलिवॅट शक्ती, १०० किलोहर्ट्झ रुंदी, १० किलोमीटर अंतर. मध्ये भिंत-डोंगर नसतील तर दुर्बिणीपाशी सुमारे ८०० कोटी जान्स्की. हो, एककाला नाव त्याच जान्स्कीचं. आणि खोडदला जे शोधतात ते एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाइतकं आणि त्याहूनही मंद असतं. परवान्याशिवाय वापरायच्या पट्ट्यांची अट स्पष्ट आहे: कुणी तुम्हाला व्यत्यय आणला तर तक्रार नाही, आणि तुमच्यामुळे परवानाधारकाला झाला तर बंद तुम्ही करायचं.