चाळ, रस्ता आणि प्रकाशकोन : मुंबईची नगररचना व नागरी जीवन यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबई शहराच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने बंदर, कापूस, गिरण्या आणि राजकीय चळवळी या अंगांनी झाले आहे. परंतु या घडामोडी ज्या खोल्यांत, जिन्यांवर आणि रस्त्यांवर घडल्या त्यांची रचना कोणी ठरविली, कोणत्या विचाराने ठरविली आणि त्या रचनेने माणसांच्या परस्परसंबंधांना कोणते वळण दिले, हा प्रश्न मराठीतील इतिहासलेखनात तुलनेने कमी विचारला गेला. वास्तुरचना हा अभियंत्यांचा आणि शहर हा समाजशास्त्रज्ञांचा विषय, अशी जी विभागणी आपल्या अभ्यासक्रमांत रूढ झाली आहे, तिचाही हा परिणाम असावा.

आज हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. शतकापूर्वी बांधलेल्या चाळी पाडून त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही त्या कुटुंबांच्या दृष्टीने मोठीच उपलब्धी होय. तथापि घराचे क्षेत्रफळ वाढले म्हणजे नगररचनेचा प्रश्न सुटला काय, याचे उत्तर शोधण्यासाठी मागील सव्वाशे वर्षांचा आढावा घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत झालेल्या नियोजित नगररचनेमागील विचार समजून घेणे. (२) चाळ व फ्लॅट या दोन वास्तुप्रकारांचा रहिवाशांच्या सामाजिक जीवनावर झालेला परिणाम तपासणे. (३) या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या पुनर्वसनाचे मूल्यमापन करणे. अभ्यास मुंबई बेटापुरता मर्यादित असून केवळ अखेरच्या विभागात गोवंडी–मानखुर्द परिसराचा विचार केला आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी खाली आली. वाढत्या औद्योगिक शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, ही घटना राज्यकर्त्यांना व व्यापारी वर्गाला हादरविणारी होती. १८९८ च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली ती या पार्श्वभूमीवर.

रोगाचे मूळ दाटीवाटीच्या वस्तीत, ओलसर जमिनीत आणि कोंडलेल्या हवेत आहे, अशी तत्कालीन समजूत होती. प्लेगविरोधी उपायांचा रोख विशिष्ट वस्त्यांवर आणि त्यांतील गरिबांवर का राहिला, याचे प्रशांत किदंबी यांनी केलेले विवेचन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वास्तविक ज्या वर्षी ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराची येथे पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांद्वारे प्लेग पसरतो हे दाखविले होते. या मताला मान्यता मिळण्यास पुढे काही वर्षे लागली. म्हणजेच मुंबईच्या नियोजित नगररचनेचा पाया ज्या वैद्यकीय सिद्धांतावर घातला गेला तो सिद्धांत त्याच सुमारास कालबाह्य होऊ लागला होता. मात्र त्यावर आधारलेले रस्ते कायम राहिले.

ट्रस्टच्या कार्याचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला, दाट वस्तीतून समुद्राची हवा आत यावी म्हणून पाडलेले रुंद रस्ते; प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड ही त्याची ठळक उदाहरणे. दुसरा, विस्थापितांसाठी व कामगारांसाठी बांधलेल्या चाळी. तिसरा, उत्तरेस दादर–माटुंगा येथे मध्यमवर्गासाठी आखलेल्या नव्या वसाहती. यांपैकी पहिल्या कामाचा वेग दुसऱ्यापेक्षा अधिक राहिला. जितक्या खोल्या पाडल्या गेल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहीत. परिणामी विस्थापित कुटुंबे शेजारच्या गल्ल्यांत शिरली आणि तेथील दाटी वाढली. आरोग्यासाठी केलेल्या सुधारणेने एका ठिकाणची गर्दी उचलून दुसऱ्या ठिकाणी नेली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

तथापि ट्रस्टच्या विचारातील एक गोष्ट आजही मोलाची वाटते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम आग्रहाने मांडला. खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून काढलेली रेषा समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला भिडली पाहिजे, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. भूमितीच्या भाषेत सांगायचे तर समोरच्या इमारतीची जेवढी उंची, त्याच्या किमान निम्मे अंतर मधे मोकळे हवे. चाळीस फूट उंच इमारतीसमोर वीस फूट जागा, इतका साधा हा हिशेब. तळमजल्यावरच्या भाडेकरूलाही आकाशाचा काही वाटा मिळाला पाहिजे, हे तत्त्व येथे अंकांत मांडले गेले.

चाळ : आराखडा आणि त्याबाहेरचे जीवन

खासगी मालकांनी गिरगाव, परळ, लालबाग या भागांत बांधलेल्या चाळी हा प्रामुख्याने भाड्याच्या गणिताचा परिणाम होता. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त खोल्या, त्यांना जोडणारी एक गॅलरी, टोकाला सामाईक नळ व संडास. गॅलरी ही मालकाच्या लेखी केवळ ये-जा करण्याची सोय होती. परंतु खोली इतकी अपुरी होती की राहणे, निजणे, निवडणे-टिपणे, अभ्यास करणे हे सर्व व्यवहार आपोआप गॅलरीत आले. प्रत्येक दारासमोरून प्रत्येकाला जावे लागे. त्यामुळे शेजाऱ्याची ओळख ही ऐच्छिक बाब उरली नाही. आजारपण, बेकारी, पाहुणा, भांडण यांपैकी काहीच लपत नसे. त्यातून मदत मिळे आणि जाचही होई.

या सक्तीच्या सहवासातून काही संस्था उभ्या राहिल्या. १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. अशा उत्सवाला लागणारी वर्गणी, मंडप आणि प्रेक्षक या तिन्ही गोष्टी चाळीच्या रचनेत मुळातच होत्या. गिरणगावात एका गावच्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्या, पाळीनुसार आळीपाळीने निजणारे कामगार आणि बायकांनी चालविलेल्या खानावळी यांतून खेडे आणि गिरणी यांच्यामधला दुवा तयार झाला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना शिक्षा झाल्यावर कामगारांनी केलेला सहा दिवसांचा संप किंवा १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा संप केवळ गिरणीच्या दारावर लढला गेला नाही. कामगारांच्या राजकारणाची मुळे कारखान्याइतकीच वस्तीत होती, हा राजनारायण चंदावरकर यांचा सिद्धांत या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. वाणी उधार देतो, शेजारी जेवू घालतो, म्हणून संप टिकतो; आणि हे संबंध जिना, गॅलरी व नाका या जागांवर घडतात.

शासनाने स्वतः बांधलेल्या चाळींचा अनुभव मात्र प्रारंभी वेगळा होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाइल रोड येथे ३२ व शिवडी येथे १२ अशा २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, ८० खोल्यांची. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. गिरगावच्या चाळीतील बाहेरची गॅलरी येथे इमारतीच्या पोटात गेली व तिच्यातील उजेड कमी झाला. १९२० च्या दशकात, घरांची तीव्र टंचाई असतानाही, यांतील अनेक खोल्या, विशेषतः वरळीच्या, रिकाम्या राहिल्या. गिरणी व बाजार दूर, भाडे परवडत नाही आणि खोल्या कोंदट, ही त्याची कारणे होती. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा उपयोग तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला. ज्या वसाहतीत माणसे स्वेच्छेने येईनात तिचा तुरुंग सहज करता आला, ही बाब तिच्या मूळ आराखड्याविषयी पुरेशी बोलकी आहे. पुढे याच चाळी भरल्या. त्यांत व्यायामशाळा, भजनी मंडळे, वाचनालये उभी राहिली. हे सर्व रहिवाशांनी घडविले. आराखड्यात त्याची तरतूद नव्हती.

चाळीचे स्मरणरंजन आणि जातवास्तव

‘बटाट्याची चाळ’ या पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ मधील पुस्तकापासून मध्यमवर्गीय मराठी मनात चाळीची एक हळवी प्रतिमा रुजली आहे. ही प्रतिमा खोटी नाही, पण अपुरी आहे. सामाईक नळावरची रांग पहाटे बायकांनाच लावावी लागे. सामाईक संडासाची अडचण आजारी व वृद्ध माणसांना अधिक होती. शिवाय कोणाला कोणत्या चाळीत खोली मिळेल हे पुष्कळदा जात ठरवीत असे. जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीत बीडीडी चाळींच्या परिसरात दलित पँथर व शिवसेना यांच्या समर्थकांत संघर्ष झाला. सवर्ण व बौद्ध रहिवाशांच्या चाळी समोरासमोर होत्या आणि त्यांचा आराखडा तंतोतंत सारखा होता. एकाच मापाच्या खोल्यांनी एकोपाही घडविला आणि फळीही उभी केली. यावरून वास्तुरचना माणसांची गाठ घालून देते, परंतु त्या गाठीतून काय निष्पन्न होईल हे ती ठरवीत नाही, असा निष्कर्ष काढता येतो.

या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निवासस्थानांचा क्रम अभ्यासनीय आहे. परळ येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये त्यांच्या कुटुंबाचे वास्तव्य दीर्घकाळ होते. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ते दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या स्वतःच्या वास्तूत राहावयास गेले. तिच्या रचनेत ग्रंथसंग्रहाला प्रमुख स्थान होते. चाळ आणि कॉलनी या दोन्ही जागा एकाच ट्रस्टने आखलेल्या. त्यांतील भौगोलिक अंतर थोडेच होते. सामाजिक अंतर मात्र ट्रस्टच्या नकाशात आधीच आखलेले होते.

दादर–माटुंगा : फ्लॅटचा उदय

दादर–माटुंग्याच्या योजनेत रुंद रस्ते, वृक्षराजी, फाइव्ह गार्डन्ससारखी उद्याने आणि इमारतींभोवती मोकळी जागा होती. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेने सहकारी घरबांधणीचा जो प्रयोग केला, त्याच्याच जोडीने मध्यमवर्गाचे नवे निवासस्वरूप या उपनगरांत आकारास आले. घरातच संडास असलेला स्वयंपूर्ण फ्लॅट हे त्याचे वैशिष्ट्य. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या कुटुंबांनी संडास घरात स्वीकारणे हा केवढा मानसिक बदल होता, याकडे निखिल राव यांनी माटुंग्याच्या अभ्यासात लक्ष वेधले आहे. फ्लॅटने स्त्रियांना खासगीपणा दिला, मुलांना अभ्यासाची जागा दिली. त्याच वेळी दार बंद करण्याची मुभा दिली. शेजार हा आता निवडीचा विषय झाला आणि निवड करताना ज्ञाती, भाषा, धर्म हे निकष पुढे आले. वसाहतींची नावेच ते सांगतात.

प्रकाशकोनाचा विसर

१९३३ मध्ये ट्रस्टचे कार्य महानगरपालिकेकडे गेले. स्वातंत्र्योत्तर काळात भाडेनियंत्रण, चटईक्षेत्र निर्देशांक आणि १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण या टप्प्यांनी घर हे अधिकाधिक चौरस फुटांत मोजले जाऊ लागले. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम शिथिल करण्यात आले. रस्ते व रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी गोवंडी–मानखुर्द भागात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी केलेल्या अभ्यासात तेथील अपुरा सूर्यप्रकाश व वायुवीजन यांचा क्षयरोगाच्या प्रादुर्भावाशी संबंध दिसून आला.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यांसाठी माणसे हलविली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीसही हलविली गेली. ट्रस्टचा प्लेगविषयीचा सिद्धांत चुकीचा होता, पण त्यातून निघालेला प्रकाशाचा नियम क्षयरोगाच्या बाबतीत योग्य होता. आपण सिद्धांताबरोबर नियमही टाकून दिला. सात मजली इमारतीची उंची सुमारे वीस मीटर धरली, तर ऑर यांच्या हिशेबाने मधे दहा मीटर अंतर हवे होते.

निष्कर्ष

१. मुंबईची नियोजित नगररचना आरोग्याच्या नावाने सुरू झाली. परंतु तिचा भार मुख्यत्वे विस्थापित गरिबांवर पडला.

२. चाळीतील सामाजिक जीवन हे नियोजनाचे फलित नव्हते. अपुऱ्या खोलीमुळे सामाईक जागेत घडलेली ती रहिवाशांची निर्मिती होती. तिच्यात सहकार्याबरोबर जातिभेदही होता.

३. फ्लॅटने खासगीपणा दिला, पण शेजार निवडीचा केला. पुनर्वसनाच्या मनोऱ्यांत गॅलरीची जागा लिफ्टसमोरच्या बोळाने घेतली आहे. तेथे माणसे थांबत नाहीत.

४. घराचे क्षेत्रफळ हा पुनर्वसनाचा आवश्यक निकष आहे, पुरेसा नव्हे. दोन इमारतींमधील अंतर, तळमजल्यावरील प्रकाश आणि बसण्या-उभे राहण्याची सामाईक जागा यांनाही किमान प्रमाण असले पाहिजे.

चाळ परत यावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही तसे वाटणार नाही. परंतु पाडलेल्या वास्तूबरोबर तिच्यातून शिकलेले धडेही पाडले जाऊ नयेत, इतकी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकाने बाळगणे रास्त होय.